केबल जागेवरच होती

दामिनी उमाळे आमच्या ऑफिसात मुलाखतीला आली तेव्हा खुशालरावांनी तिला पहिलाच प्रश्न विचारला, अकोल्याच्या इस्पितळातली नोकरी कशी सुटली?

"काढलं मले," ती म्हणाली. "पेपरातबी आलं होतं."

एवढंच. ना सारवासारव, ना डोळ्यांत पाणी. खुशालराव अमरावतीत पंचवीस वर्षं नेटवर्कची कामं घेतात. आपणहून असं सांगणारं माणूस त्यांच्यासमोर फारसं आलं नव्हतं. त्यांनी तिला दुसऱ्या दिवसापासून यायला सांगितलं. मी किशोर, त्यांच्याकडचा सगळ्यात जुना माणूस. तिच्याबरोबर तीन वर्षं मी गावोगावी केबली ओढल्या, त्यामुळे पुढचं बरंचसं तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. शेवटचं मात्र माझ्या डोळ्यांसमोर घडलं आणि त्यात थोडा वाटा माझाही आहे.

दामिनी बार्शीटाकळीची. वडील पुंजाजी वांगी, पालक, मेथी लावायचे आणि विहिरीच्या अंगाने झेंडू. आई बेबीताई ती फुलं अकोल्याच्या बाजारात नेऊन विकायची. मुलगी मूर्तिजापूरला पदविका शिकली आणि बाविसाव्या वर्षी अकोल्यातल्या एका मोठ्या खाजगी इस्पितळात नेटवर्क सांभाळायला लागली. तिथे तिचे साहेब होते धर्मेंद्र गावंडे. हसतमुख माणूस. प्रत्येकाचा वाढदिवस त्यांच्या लक्षात असायचा आणि शिपायापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी त्यांचं जमायचं.

त्या इस्पितळात मजल्यामजल्यावर ज्या पेट्या होत्या त्यांच्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळं घडलं ते त्यांच्यावरून. दिसायला त्या साध्या स्विचसारख्या. पंधरा-वीस कॉम्प्युटरच्या केबली त्यांत खोचलेल्या. पण त्या स्वतः काहीही ठरवत नाहीत. ठरवतो तो तळमजल्यावरचा मुख्य स्विच. पेटी म्हणजे त्याच्याच पोर्टांचा लांबवलेला हात. समजा प्रयोगशाळेतल्या कॉम्प्युटरने शेजारच्याच टेबलावरच्या कॉम्प्युटरला रिपोर्ट पाठवला. दोघे एकाच पेटीला जोडलेले असले तरी तो रिपोर्ट आधी तळमजल्यावर जातो. पेटी त्याच्यावर फक्त कोणत्या पोर्टातून आला त्याचा नंबर टाकते. मुख्य स्विच तो पाहतो, कुठे जायचं ते ठरवतो आणि नवा नंबर टाकून परत पाठवतो. पेटी नंबर काढते आणि त्या पोर्टातून बाहेर सोडते. ही झाली माहिती वाहण्याची वाट.

दुसरी वाट हुकमांची. कोणत्या पोर्टाला कोणता नंबर, कोणता उघडायचा, कोणता बंद करायचा हे मुख्य स्विच पेटीला कळवतो. मधून मधून दोघं एकमेकांना "आहेस ना?" म्हणून विचारतात आणि "आहे" म्हणून सांगतात. ही हुकमाची पाकिटं इवलीशी आणि मोजकी, पण ती जातात त्याच केबलमधून, बाकीच्या सगळ्या गर्दीतून. म्हणून त्यांना आधी वाट द्यावी लागते. नाही दिली आणि तीनदा उत्तर चुकलं, तर वर कोणी उरलंच नाही असं पेटी समजते. मग ती दिलेले सगळे नंबर विसरते, पोर्ट बंद करते आणि पहिल्यापासून सुरू होते. तोवर अख्खा मजला मुका. तळमजल्याकडे जाणारी केबल मात्र जागेवर असते आणि तिच्याजवळचा हिरवा दिवाही लागलेला असतो.

२०२१ च्या फेब्रुवारीत नव्या इमारतीचं उद्घाटन तोंडावर आलं होतं. नेटवर्कवर एकदा नको तेवढी गर्दी झाली, म्हणून गावंडेंनी मजल्यांच्या केबलींवर एक मर्यादा टाकली. इतक्यापेक्षा जास्त आलं की वरचं टाकून द्यायचं. हुकमाची पाकिटं वेगळी काढायला ते विसरले, किंवा तशी काढावी लागतात हे त्यांना माहीतच नव्हतं.

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास स्कॅनच्या जुन्या फोटोंची नकल नव्या साठ्यात जायला लागली आणि केबली भरून वाहू लागल्या. दामिनी तिसऱ्या मजल्यावरच्या लहान खोलीत केबलींना चिठ्ठ्या चिकटवत होती. पहिला मजला बंद पडला, मग दुसरा, मग ती उभी होती तो. प्रत्येक मजला दहा-अकरा मिनिटं. त्याच वेळी प्रसूतीसाठी आणलेल्या एका बाईच्या रक्तगटाचा रिपोर्ट अडकला. प्रयोगशाळेतला माणूस कागद हातात घेऊन तीन जिने धावला. बाई आणि बाळ दोघंही वाचली, पण नातेवाईक भडकले होते. स्वागतकक्षाची काच फुटली आणि संध्याकाळपर्यंत कोणाचं तरी नाव द्यावंच लागणार होतं.

गावंडेंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केबल चुकून माझ्या हातून निघाली, असं लिहून दे, म्हणाले. तिने सांगितलं, मी केबलीला चिठ्ठीशिवाय काही लावलं नाही, केबल जागेवरच होती, दिवे लागून होते. दिव्यांकडे कोण पाहतं, ते म्हणाले. मग आवाज मऊ करून तिच्या बोलीत बोलले, "हे पाय, तू नवीन हायेस. तुले माफ करतील. मले नाई करनार."

तिने लिहून दिलं. चौथ्या दिवशी तिला काढलं आणि पाचव्या दिवशी ते पत्र जसंच्या तसं पेपरात आलं, खाली तिची सही आणि वर मथळा, महिला कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गर्भवतीचा जीव धोक्यात.

पुंजाजी तिला एका शब्दाने बोलले नाहीत. पण बेबीताईंच्या दुकानावर एक नर्स रोज गजरा घ्यायची. तिने एक दिवस हातात घेतलेला गजरा परत टोपलीत ठेवला आणि पलीकडच्या बाईकडे गेली. बेबीताईंनी घरी आल्यावर हे सांगितलं ते सहज, भाकऱ्या थापता थापता. दामिनी मला म्हणाली होती, किशोरभाऊ, नोकरी गेली तेव्हा मला राग आला, पण त्या माणसाचं वाटोळं करायचं हे मी त्या भाकऱ्या पाहताना ठरवलं.

पुढची दोन वर्षं ती शेतात होती. झेंडू तोडताना ती गावंडेंचं नाव घ्यायची. एकेक फूल देठापासून मोडताना मनात म्हणायची, धर्मेंद्र गावंडे. दिवसाला पाच-सहा टोपल्या. हे ती हसत सांगायची, पण डोळे हसत नसत.

त्याच दिवसांत तिला अकोल्यातल्या एका भंगारवाल्याकडे तसल्याच दोन जुन्या पेट्या आणि एक मुख्य स्विच सापडला. पुंजाजींनी तो माल मोटारसायकलच्या मागे दोरीने बांधून आणला. फवारणीचे पंप ठेवायच्या खोलीत तिने तो मांडला. दुपारी काम उरकलं की तिथे बसायची. केबलमधून जाणारं प्रत्येक पाकीट उघडून पाहायची, नंबर कुठे टाकला जातो, हुकूम कसा जातो, उत्तर किती वेळात येतं. मग तिने मुद्दाम केबल भरून टाकली, वर तशीच मर्यादा लावली, आणि पेटी तिच्या डोळ्यांदेखत मुख्य स्विचला विसरली. हिरवा दिवा लागलेलाच होता. तिने तो प्रयोग सत्तेचाळीस वेळा केला. पाचव्या वेळीच खात्री पटली होती, पण बाकीचे बेचाळीस, ती म्हणायची, मनाला बरं वाटावं म्हणून. हे २०२२ सालातलं.

त्याच सुमारास इस्पितळातल्या एका जुन्या ओळखीच्या माणसाकडून तिला कळलं, की गावंडेंनी स्कॅनच्या फोटोंची नकल करायची वेळ बदलून पहाटेची केली आहे. बाकी काही बदललेलं नाही. म्हणजे दोष तिथेच होता. फक्त गर्दी कमी असायची, म्हणून तो क्वचित वर यायचा.

तिने कोणालाही सांगितलं नाही.

अमरावतीला आमच्याकडे आल्यावर दोन वर्षांत ती इतकी तयार झाली, की अवघड काम आलं की खुशालराव तिलाच पाठवायचे. गेल्या वर्षी मार्चमध्ये एक काम आलं. अकोल्याच्या त्याच इस्पितळाची नवी शाखा अमरावतीत बडनेरा रोडला उभी राहत होती. सगळी यंत्रणा अकोल्याच्या नमुन्यावर. दोन्हीकडचे प्रमुख गावंडे. ही यंत्रणा उद्घाटनाआधी बाहेरच्या कोणीतरी तपासून द्यावी, असं संचालक डॉक्टर कौशल्याबाईंचं म्हणणं होतं. खुशालरावांना दामिनीची जुनी गोष्ट माहीत होती. त्यांनी तिला विचारलं, जमेल का? ती म्हणाली, जमेल.

तपासणीआधी गावंडेंनी यंत्रणेची फाइल पाठवली. दामिनीने ती उघडली आणि मला हाक मारली. तीच मर्यादा, त्याच आकड्यासकट, आणि बाजूला २०२१ ची तारीख. अकोल्याची फाइल उचलून इथे चिकटवली होती.

मी म्हटलं, फोन करून सांगून टाक त्यांना, पाच मिनिटांचं काम आहे.

"किशोरभाऊ," ती म्हणाली, "त्यानं मले फोन केला होता का?"

मी पुढे काही बोललो नाही. खुशालरावांनाही सांगितलं नाही. तपासणीला नऊ दिवस होते आणि ते नऊ दिवस मीही तिच्याइतकाच गप्प होतो. खरं सांगायचं तर मलाही पाहायचं होतं.

तिने तपासणीचा आराखडा रीतसर पाठवला. बारा कलमं. सातवं होतं, पूर्ण भारावर कंट्रोल चॅनलची, म्हणजे हुकमांच्या वाटेची, तपासणी. चोरून काहीच केलं नव्हतं. गावंडेंनी मोबाइलवरच सही करून परत पाठवला, अकरा मिनिटांत. वाचला असता तर विचारलं असतं.

एप्रिलचा दुसरा आठवडा. दहालाच रस्ते ओस पडायला लागले होते. इमारतीला रंगाचा वास होता. डॉक्टर कौशल्याबाई, दोन विश्वस्त आणि गावंडे तळमजल्यावर वाट पाहत होते. मला वाटत होतं, तिला पाहून गावंडेंचा चेहरा पडेल. झालं उलटंच. ते पुढे आले, मनापासून हसले आणि आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, बरं झालं तू याच लाइनीत राहिलीस. तुझ्या हातून तेव्हा चूक झाली, पण मी मॅडमना तेव्हाच म्हटलं होतं, पोरगी हुशार आहे.

दामिनीने मान हलवली.

कुठे पेशंट आहेत का, असं तिने विचारलं. इमारत रिकामी आहे, असं गावंडेंनी सांगितलं. तरी ती सगळे मजले चढून गेली. तिसऱ्या मजल्यावर डायलिसिसचे नऊ पेशंट होते, आठवड्यापासून. अकोल्यात जागा नव्हती म्हणून हलवलेले. ती खाली आली आणि तिसरा मजला वेगळा काढल्याशिवाय मी सुरू करणार नाही, म्हणाली. त्यात एक तास गेला. गावंडे घड्याळ पाहत होते, विश्वस्त चहा घेत होते. दामिनीने त्या मजल्याच्या पेट्या स्वतंत्र स्विचवर नेल्या, तिथल्या नर्सला आकडे हातानेही लिहून ठेवायला सांगितलं आणि बाकीच्या मजल्यांवरच्या पेट्यांच्या खोल्यांना कुलूप लावून किल्ल्या डॉक्टरबाईंच्या हातात दिल्या.

पावणेबाराला तिने भार चढवायला सुरुवात केली. साठ टक्के, काही नाही. ऐंशी, काही नाही. गावंडे विश्वस्तांना सांगत होते, हाच नमुना अकोल्यात चार वर्षं चाललाय. नव्वदला पहिला मजला पडद्यावर लाल झाला. अर्ध्या मिनिटात तळमजला, मग चौथा, मग दुसरा.

"केबल काढली कोणीतरी," गावंडे लगेच म्हणाले. "पहिल्या मजल्यावर. मला ठाऊक आहे हे."

"लिहून देता का, सर?" दामिनीने विचारलं. अगदी मऊ आवाजात.

त्यांनी तपासणीच्या कागदावर लिहिलं, पहिल्या मजल्यावर केबल निघाल्यामुळे बंद, आणि सही केली. तिने तो कागद दोन हातांनी घेतला.

मग ती सगळ्यांना पहिल्या मजल्यावर घेऊन गेली. कुलूप डॉक्टरबाईंनी स्वतः उघडलं. केबल जागेवर होती. हिरवा दिवा लागलेला होता. दामिनीने एका विश्वस्ताला ती केबल ओढून पाहायला सांगितली. ती घट्ट होती. त्यानंतर तिने लॅपटॉपवर त्या दोन मिनिटांतलं एकेक पाकीट दाखवलं. पेटीने विचारलं, मुख्य स्विचने उत्तर दिलं, उत्तर टाकून दिलं गेलं. पुन्हा विचारलं, पुन्हा टाकून दिलं. तिसऱ्यांदाही. आणि टाकून देणारी ती मर्यादेची ओळ, तारखेसकट. समजावताना ती एकदाही अडखळली नाही. सत्तेचाळीस वेळा पाहिलेलं होतं.

डॉक्टरबाईंनी तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन वाचलं. "उमाळे. त्या पत्रावरची उमाळे तूच?"

"हो."

गावंडे तिच्याकडे पाहत होते. "म्हणजे तेव्हा तू केबल काढली नव्हतीस?" त्यांनी विचारलं, आणि इतक्या खऱ्या आश्चर्याने विचारलं की मी चक्रावलो.

"तुमीच म्हनाले होते. तुले माफ करतील, मले नाई करनार."

"मी असं म्हटलं होतं?"

ते विसरले होते की सोंग करत होते, मला आजही सांगता येत नाही. चार वर्षं लोकांना एकच गोष्ट सांगता सांगता त्यांनाच ती खरी वाटू लागली असेल. दामिनीला याबद्दल काही शंका नाही. ती म्हणते, लबाड माणूस, दुसरं काय. पण त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला होता. तिला त्यांना गुडघ्यावर आणायचं होतं, आणि ते नुसते गोंधळून उभे होते.

डॉक्टरबाईंनी गावंडेंकडून ओळखपत्र काढून घेतलं, सगळे पासवर्ड तिथेच लिहून घेतले आणि त्यांना घरी जायला सांगितलं. ते जिना उतरून गेले. दामिनी खिडकीपाशी गेली आणि ते उन्हातून गाडीपर्यंत चालत जाईपर्यंत पाहत राहिली. मी तिच्याजवळ गेलो तेव्हा ती म्हणाली, "लय बरं वाटलं, किशोरभाऊ." आणि तिला खरंच बरं वाटलेलं दिसत होतं.

तेवढ्यात मागून डॉक्टरबाईंनी विचारलं, "हा दोष तुला कधीपासून माहीत आहे?"

"तीन वर्षं झाले."

"आणि अकोल्यात?"

"तीच ओळ हाये."

"तिथे आत्ता दीडशेच्या वर पेशंट आहेत."

"तुमाले सांगतलं असतं तर तुमी कोनाले इचारलं असतं?" दामिनी म्हणाली. "त्यालेच."

"हो, त्यालाच विचारलं असतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तरी सांगायला हवं होतंस. चल."

त्यांच्याच गाडीतून आम्ही अकोल्याला निघालो. अकोल्याला पोचल्यावर दामिनीने ती मर्यादा काढली, हुकमाच्या पाकिटांना पहिली वाट दिली, एकेक मजला तपासला. तासाभरात झालं. मग नोंदी नीट पाहाव्यात म्हणून तिने बिघाडांचं जुनं रजिस्टर मागितलं. मुख्य स्विचमधल्या नोंदींप्रमाणे तीन वर्षांत पेट्या चौदा वेळा विसरल्या होत्या, बहुतेकदा तीन-चार मिनिटांपुरत्या. रजिस्टरमध्ये प्रत्येक वेळी गावंडेंच्या अक्षरात लिहिलं होतं, केबल ढिली. २०२३ च्या ऑगस्टमधली नोंद जरा लांब होती. दुसऱ्या मजल्यावर सफाई करताना केबल ओढली गेली. सफाई कामगार चंदा हिला कामावरून कमी केले.

दामिनीने ती ओळ वाचली. बोट ठेवून पुन्हा वाचली. मग रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसली.

२०२३ मध्ये तिला सगळं माहीत होतं. एक फोन, एक पत्र, काहीही केलं असतं तरी चंदाची नोकरी राहिली असती. तिने सांगितलं नव्हतं, कारण गावंडे चारचौघांत पडायला हवे होते. तेवढ्यासाठी दोष जिवंत ठेवणं भाग होतं.

पुढच्या आठवड्यात इस्पितळाने गावंडेंना काढलं. दामिनीने एकच मागणी केली, त्यांनी स्वतःच्या हाताने दोन पत्रं लिहायची. एक तिच्या नावाने, एक चंदाच्या. केबल कोणीही काढली नव्हती, दोष माझा होता, असं. गावंडे आधी तयार नव्हते. तिने निरोप पाठवला, की तपासणीच्या कागदावरची सही माझ्याकडे आहे आणि पेपरवाल्यांचा पत्ताही माहीत आहे. तिसऱ्या दिवशी दोन्ही पत्रं आली. तिचं पत्र इस्पितळाने त्याच पेपरात छापून आणलं. बेबीताईंनी तो अंक दुकानावर ठेवला. ती नर्स पुन्हा कधी तिकडे फिरकली नाही, असं त्या म्हणतात.

चंदाचं पत्र घेऊन दामिनी स्वतः गेली. मला सोबत नेलं. चंदा डाबकी रोडच्या अंगाला राहते, आता एका डाळ मिलमध्ये निवडायला जाते. दारातच उभी राहून तिने पत्र वाचून घेतलं. मग दामिनीने, मी नको म्हणत असतानाही, सगळं सांगितलं, आपल्याला आधीपासून माहीत होतं हेही.

चंदा पत्राची घडी घालत राहिली. मग म्हणाली, "त्यानं माहं नाव घेतलं. तू घेऊ देलं."

चंदाने आम्हाला बसा म्हटलं नाही. इस्पितळाने तिला परत बोलावलं होतं. तिथे आता पाऊल ठेवणार नाही, असं तिने सांगितलं, पत्र आत नेलं आणि दार लावून घेतलं.

परतताना मी गाडी चालवत होतो. मला वाटलं होतं दामिनी रडेल. बोरगाव मागे पडल्यावर ती म्हणाली, तिचं बरोबर आहे. त्यानंतर तिने एक गोष्ट मात्र बदलली. आता कुठेही काम करताना दोष दिसला की ती त्याच दिवशी लेखी कळवते, समोरचा कोणीही असो. परवा एका कॉलेजात तिला नको तितकं बोलणारा एक प्राध्यापक भेटला. त्यालाही तिने तासाभरात दोष लिहून पाठवला, दात ओठ खात.

गावंडेंच्या बाबतीत मात्र ती तसूभर हलली नाही. खुशालरावांनी एकदा सहज म्हटलं, झालं गेलं, आता सोडून दे. मग एके दिवशी आम्ही परतवाड्याला एका बँकेचं काम करायला गेलो. जेवायला बाहेर पडलो तर ती बाजारपेठेत एका गल्लीच्या तोंडाशी थांबली. आत एक लहानसं दुकान, सीसीटीव्ही बसवून मिळतील अशी पाटी. काउंटरमागे गावंडे बसले होते, केस बरेच पिकलेले. कोणा गिऱ्हाइकाशी हसून बोलत होते.

तिने रस्त्याच्या पलीकडूनच पाहिलं, बराच वेळ. मी विचारलं, हे इथे बसतात ते तुला कसं कळलं?

"मले माहीत असते," ती म्हणाली आणि जेवायला चल म्हणून पुढे निघाली.